वाढप्याने मान वर करू नये

१

बाळासाहेबांचा आयुष्यात एकच नियम होता: वाढप्याने मान वर करू नये.

टेलिफोन खात्यात त्यांनी नोकरी केली ती पगारासाठी. खरं काम म्हणजे पंगतीत वाढणं. एरंडवण्यात कुणाचंही लग्न असो, मुंज असो, वास्तुशांत असो, कमरेला पंचा बांधून बाळासाहेब हजर. यजमान ओळखीचा असलाच पाहिजे असंही नाही. "मान वर केली की चेहरा दिसतो," ते सांगायचे. "चेहरा दिसला की हा आपला साहेब, ही मुलीकडची, हा मेला भिशी बुडवणारा, असलं काहीबाही मनात येतं आणि जिलबी कमीजास्त पडते. पंक्तिप्रपंच! त्यापेक्षा पान बघावं, हात बघावा, वाढावं आणि पुढे सरकावं." यामुळे निम्मं पुणं त्यांना हातांवरून ओळखू यायचं आणि रस्त्यात समोरून आलं की मुळीच ओळखू यायचं नाही. कित्येकांनी त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं.

असा माणूस ऑकलंडला मुलाकडे येऊन हेन्डरसन नावाच्या उपनगरातल्या घरात बसला की काय होणार? मांजर कोंडल्यासारखं होणार. सकाळी डेअरीवरून दूध आणायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी शेजाऱ्याच्या कुंपणावरचे पक्षी बघायचे. मराठी मंडळाच्या गणपतीला ते मोठ्या आशेने गेले, तर तिथे बुफे! कागदी ताटल्या हातात धरून माणसं उभ्याउभ्या चरत होती. मंडळाचे अध्यक्ष शशिकांत म्हणाले, "काका, इथे पंगत कोण बसवतं? लोकांचे गुडघे बघा जरा."

"मी गुडघे बघत नाही, हात बघतो," बाळासाहेब म्हणाले आणि वरणभात न घेताच घरी आले. त्यांच्या पत्नी सरोजकाकूंनी त्या रात्री त्यांना थालीपीठ लावून दिलं आणि वर दोन शब्दही सुनावले.

२

मुलगा समीर पेनरोज भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. गवत कापायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र ढकलत जमिनीखालचे पाइप आणि केबली शोधायच्या, हे त्याचं काम. यंत्रात रडार असतं. सरोजकाकूंनी पुण्यात फोन करून "आमचा समीर रडारवर आहे" एवढंच सांगितल्यामुळे अख्खी सोसायटी त्याला हवाई दलात समजत होती.

शनिवारी मात्र समीर फुकट राबायचा. हेन्डरसनच्या पलीकडे, डोंगर सुरू होतात तिथे, एक जुनं वसतिगृह होतं. माओरी पोरांना घरातून उचलून आणायचं आणि तिथे "वळण लावायचं", असा तिथला उद्योग. बंद पडून जमाना झाला. काही पोरं तिथून घरी परतलीच नाहीत, आणि कुठे गेली ते कुणी सांगितलंही नाही. आता त्या पोरांच्याच माणसांनी ट्रस्ट काढून शोध चालवला होता. त्या ट्रस्टच्या प्रमुख मेरेआनाबाई. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, आणि ती काठी चालण्यापेक्षा दुसऱ्यांना जागेवर बसवण्यासाठीच जास्त. त्यांचा थोरला भाऊ तामाती त्या परत न आलेल्यांपैकी एक.

एका शनिवारी त्या समीरबरोबर चहाला आल्या. सरोजकाकूंनी पोहे केले होते. बाळासाहेबांनी सवयीने मान खाली घालून बशी पुढे केली आणि हात पाहिला. सुरकुतलेला, रुंद, आणि करंगळी आतल्या बाजूला वळलेली, जणू शेजारच्या बोटाच्या कानात काही सांगतेय.

"करंगळी मोडली होती का हो कधी?" बाळासाहेबांनी आपल्या टेलिफोन खात्याच्या इंग्रजीत विचारलं.

"आमच्या घरात सगळ्यांची अशीच," मेरेआनाबाई म्हणाल्या. "तामातीची तर माझ्याहून वाकडी. आई म्हणायची, हरवलात तरी सापडाल."

समीरने पोह्यातले दाणे बाजूला केले आणि पुन्हा पोह्यात मिसळले.

अडचण अशी होती. वसतिगृहामागचं रान अफाट. समीरला यंत्र मिळायचं फक्त शनिवारी. ते रोज हवं, जुन्या दफनजागा ओळखणारी जाणती माणसं हवीत, म्हणजे पैसे हवेत. अनुदान देणारी कचेरी म्हणत होती, आधी जागा दाखवा, मग पैसे. आणि पैशाशिवाय जागा सापडेना. त्यात रान विकलं गेलेलं. ईस्टर झाला की नवा मालक बुलडोझर घालणार होता.

"हे तर आमच्या पुण्यातल्या कचेरीसारखंच झालं!" बाळासाहेब इतक्या आपुलकीने म्हणाले की मेरेआनाबाई हसल्या.

"आम्ही सॉसेज भाजून पैसे जमवतोय," त्या म्हणाल्या. "ईस्टरपर्यंत पुरायचे नाहीत."

"सॉसेज?" बाळासाहेब ताठ झाले. "बाई, तुम्ही पंगत बसवा. तिकीट लावा. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. वाढायला मी."

समीरने डोळे मिटून घेतले. सरोजकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "झालं! कुणी विचारलं होतं का?"

मेरेआनाबाईंनी मात्र काठी टेकली. "स्वीट अ‍ॅज. म्हणजे झकास! जेवण हॉलमध्ये करा. पण एक गोष्ट. मागच्या रानात खाण्याचा कणसुद्धा न्यायचा नाही. आमच्यात अन्न आणि मेलेली माणसं एकत्र येत नाहीत. कळलं?"

"अगदी!" बाळासाहेब म्हणाले. त्यांचं लक्ष केव्हाच जिलब्यांच्या अंदाजाकडे गेलं होतं.

३

हॉल म्हणजे वसतिगृहाची जुनी भोजनशाळाच होती. लांबलचक, बुटक्या खिडक्यांची. मागच्या भिंतीला एक दार, ते रानात उघडणारं. जमीन लाकडी फळ्यांची. चाललं की फळ्या पायाखाली कुरकुरायच्या, आणि आपण थांबलो की जराशाने थांबायच्या. लाकूड जुनं आहे, असं बाळासाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं.

पंगत झकास बसली. मंडळाची स्टीलची ताटं, खाली कागदाच्या लांब पट्ट्या. निम्मे माओरी, निम्मे मराठी, मधेमधे गोरे शेजारी; त्यांचे पाय कुठे ठेवायचे हाच मोठा प्रश्न झाला. बाळासाहेबांनी मधे उभं राहून भाषण ठोकलं.

"मंडळी, किया ओरा! आमच्याकडे वाढपी आग्रह करतो. तुम्ही नको म्हणालात तरी तो वाढतो, कारण नको म्हणणं ही नुसती रीत आहे. खरोखर नको असेल तर ताटावर असा हात आडवा धरायचा. हात आडवा आला की वाढपी हरला. तोवर तो वाढतच राहणार!"

एका दांडग्या माओरी गृहस्थाला हे समजायला मसालेभाताच्या चार फेऱ्या लागल्या. शेवटी त्याने ताटावर दोन्ही हात पसरले, वर अंगाने ते झाकलं, आणि हॉल हसून लोळला. बाळासाहेबांना वाटलं, आपण घरी आलो.

मग जिलबी निघाली. परात डाव्या हातावर, मान खाली, "जिलबी... जिलबी घ्या... अहो, एकीने काय होतंय." पान, हात, जिलबी, पुढे. मागच्या दाराजवळ, पंगतीच्या शेवटाला, जरा अंधार होता. तिथल्या पानांवर हातच दिसेनात. लहान पोरं असावीत. हात पाठीमागे धरून बसली होती. लाजतात बिचारी, असं म्हणत बाळासाहेबांनी वाढलं. दुसऱ्या फेरीला येऊन पाहतात तो ताटं चाटूनपुसून लख्ख. पुन्हा वाढलं. पुन्हा लख्ख.

आणि जिलबी संपली.

बाळासाहेबांच्या हातून! जिलबी! पंगत अजून ताकावर यायची होती. शशिकांत हात वर करून "काका, इकडे जिलबी आलीच नाही" असं म्हणत होते, आणि बाळासाहेब रिकामी परात धरून उभे होते. पृथ्वी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

सगळे गेल्यावर सरोजकाकू ताटं गोळा करायला मागच्या दाराशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. "अहो, हे कुणी केलं?"

शेवटची ताटं फळ्यांवर ओळीने पालथी घातलेली होती. अगदी एका रेषेत. खाली खरकट्याचा कण नाही.

"आपल्यात कुणी जेवून ताट पालथं घालतं का?" सरोजकाकू म्हणाल्या. "काही रीतभात?"

मेरेआनाबाई मागून आल्या होत्या. "इथला नियम होता तो," त्या हळू म्हणाल्या. "जे परत आले त्यांनी सांगितलेला. जेवण झालं की ताट पालथं घालायचं आणि हात पाठीमागे धरून बसायचं. आणखी मागायचं नाही. मागणाऱ्याला उपाशी ठेवायचे." मग त्यांनी काठीने फळीवर टक् केलं. "कुणीतरी चावटपणा केला असेल. चला, लाइट बंद करा."

४

पुढचे काही दिवस हेन्डरसनच्या त्या घरात दुसरा विषय नव्हता.

"मी चोख अंदाज केला होता," बाळासाहेब म्हणत. "माणशी अमुक, आग्रहाच्या तमुक, वर राखीव. हा शशिकांत! त्याने डबा भरून नेला असणार. तिकडे बुफे लावणारा माणूस, त्याला पंगतीचं चांगलं कसं बघवेल?"

"त्यांना मधुमेह आहे," सरोजकाकू म्हणाल्या.

"म्हणूनच! चोरून खाणार."

सरोजकाकूंनी भेंडी चिरता चिरता विचारलं, "शेवटी बसलेली पोरं कुणाची होती?"

"असतील तिथल्याच कुणाची तरी."

"मी दारात उभी होते हो. पोरं सगळी पुढे, खिडकीशी बसली होती. शेवटी ताटं मांडलेली होती, पण माणसं कमी आली म्हणून ती तशीच राहिली. तुम्ही रिकाम्या ताटांत वाढत होतात. मला वाटलं, चष्मा विसरलात."

बाळासाहेब चष्मा काढून पुसू लागले. मग म्हणाले, "मग जिलब्या गेल्या कुठे?"

"मला काय विचारता? तुम्हीच वाढल्यात."

त्यांनी पुष्कळ विचार केला. उंदीर? उंदीर ताट पालथं घालत नाहीत. पोसम? झाडांवर राहणाऱ्या, रात्री हिंडणाऱ्या त्या मांजराएवढ्या प्राण्याबद्दल समीर वाट्टेल ते सांगायचा, पण ओळीत ताटं लावायचं त्यानेही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी बाळासाहेबांनी शशिकांतवरच शिक्कामोर्तब केलं, कारण शशिकांतची भीती वाटत नव्हती.

रोज सकाळी मात्र दूध आणताना त्यांना आठवायचं की त्या पोरांनी एकदाही ताटावर हात आडवा धरला नव्हता. आणखी मागितलंही नव्हतं. नुसती वाट बघत बसली होती.

पहिल्या पंगतीची तारीफ झाली आणि दुसरीची मागणी आली. ट्रस्टच्या तिजोरीत भर पडली खरी, पण ईस्टर तोंडावर आला, समीरच्या यंत्राला अजून गटाराचे पाइपच सापडत होते, आणि मेरेआनाबाईंचा आवाज उतरत चालला होता. "मी गेले की त्याला शोधणारं कुणी नाही," त्या समीरला म्हणाल्या होत्या. समीरने ते घरी येऊन सांगितलं आणि तो जेवलाच नाही.

बाळासाहेबांनी ओटाहुहूच्या मिठाईवाल्याला फोन लावला. "दुप्पट," ते म्हणाले. "दुप्पट काय, त्याच्याही वर. या वेळी पुरली नाही तर मी परातीत बसतो."

५

दुसऱ्या पंगतीच्या दिवशी लख्ख दुपार होती आणि उकडत होतं, म्हणून कुणीतरी मागचं दार सताड उघडून ठेवलेलं.

मसालेभात झाला, भाजी झाली. बाळासाहेब परात घेऊन निघाले. पायात समीरचे जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, कारण अनवाणी वाढायला समीरने बंदी केली होती. "जिलबी... जिलबी घ्या..." शशिकांतच्या ताटात त्यांनी मुद्दाम चार टाकल्या. मेरेआनाबाईंची वाकडी करंगळी आली, तिला दोन. पान, हात, जिलबी, पुढे.

या वेळी शेवटच्या पोरांचे हात पुढे होते. सावळे, हडकुळे, नखांत माती. ताटं स्टीलची नव्हती. पांढरी, कडेचे टवके उडालेली. ट्रस्टने जास्तीची आणली असतील, असं बाळासाहेबांच्या मनात आलं, आणि ते पुढे सरकले. "घे रे बाळा. लाजू नकोस. या वयात नाही खायचं तर कधी?" कुणी नको म्हणेना. जिलबी पडली की हात ती झाकून घ्यायचे, कुणी हिसकावून नेईल तशी. बाळासाहेबांना गलबलून आलं. कुणाची पोरं ही, यांना घरी कुणी वाढतं की नाही?

फळ्यांची कुरकुर थांबली होती. हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं. हॉलमधली गडबडही दूर गेली होती, रेडिओ शेजारच्या घरात वाजावा तशी. जँडल्समधून पायांना काहीतरी ओलं, गार लागत होतं. कुणीतरी पाणी सांडलंय, ते मनाशी म्हणाले. पुढे पान होतं. पानापुढे पान होतं. पान आहे तोवर वाढपी थांबत नाही.

उकडत होतं ना मघाशी? मग दात का वाजताहेत? वय झालं, बाळासाहेब. शुगर उतरली असेल. पुढे चला.

पंगतीच्या अगदी टोकाला एक ताट होतं. ताटाशेजारी एक लहानगा हात, आणि त्याची करंगळी आत वळलेली. पार आत.

अच्छा, हा मेरेआनाबाईंचा नातू तर! बाळासाहेबांनी हसून परातीत हात घातला.

परात रिकामी होती.

नुसता पाक राहिला होता तळाला. तो हात ताटाशेजारी तसाच थांबला होता. मग सावकाश, काही न बोलता, तो पाठीमागे गेला.

"थांब, थांब हं!" बाळासाहेबांच्या तोंडून निघालं. "आणतो मी. उठू नकोस, आत्ता आणतो!"

ते वळले, आणि पाठीमागे आवाज सुरू झाला. टप्. ताट पालथं पडल्याचा. टप्. टप्. टोकापासून सुरू होऊन त्यांच्या बाजूबाजूने, त्यांच्या पुढे, हॉलकडे ओळीने जाणारा. टप्, टप्, टप्.

तेव्हा त्यांनी मान वर केली.

समोर लांबवर हॉलचं उघडं दार होतं, आणि दारात सरोजकाकू कपाळावर हात धरून उन्हात बघत होत्या. मधे सगळं गवत. गुडघाभर, हिरवंगार गवत, आणि त्यात फक्त त्यांच्या चालण्याने पडलेली एक वाट.

६

"रानात!" शशिकांत ओरडत होते. "पंगत सोडून रानात जिलब्या टाकायला गेले! काका, पक्ष्यांना घालायच्या होत्या तर शिळी पोळी नव्हती का?"

बाळासाहेबांनी शशिकांतना बाजूला सारलं आणि ते मेरेआनाबाईंसमोर उभे राहिले. "तुमचा नातू टोकाला बसलाय. त्याला मिळाली नाही. माझी चूक. त्याला आत बोलवा."

"मला नातू नाही," मेरेआनाबाई म्हणाल्या.

"असं कसं? मी हात पाहिला की." आणि त्यांनी स्वतःची करंगळी दुसऱ्या हाताने दाबून आत वळवून दाखवली.

म्हातारीचा चेहरा आधी लाल झाला. "मी काय सांगितलं होतं? रानात खाणं न्यायचं नाही! इतकी वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेय, आणि तुम्ही पाकातली मिठाई घेऊन गेलात?" काठी उगारलेली पाहून शशिकांतसुद्धा मागे सरकले. मग काठी खाली आली. "किती वाकडी होती?"

"तुमच्याहून जास्त," बाळासाहेब म्हणाले आणि त्यांना रडूच फुटलं. "बाई, ताट रिकामं राहिलं त्याचं."

समीर मधे पडला. "आंटी, बाबांना ऊन लागलंय. सॉरी, आपण..."

"तू मशीन आण," मेरेआनाबाई म्हणाल्या. "ऊन लागलंय की भूत, ते नंतर बघू. इतके शनिवार गटारावर घालवलेस, एक तुझ्या बापावर घालव."

आधी त्यांनी प्रार्थना म्हटली, सगळ्यांवर पाणी शिंपडलं, बाळासाहेबांवर जरा जास्तच. मग म्हणाल्या, "दाखवा."

आणि बाळासाहेबांना दाखवता येईना! गवत पुन्हा उभं राहिलं होतं. ताठ उभं राहून पाहिलं तर सगळं रान सारखंच. ते इकडे गेले, तिकडे गेले, झुडपात अडकले. शशिकांत खोकले. शेवटी सरोजकाकूच म्हणाल्या, "अहो, तुम्ही असे कधी चाललात? मान खाली घाला की."

त्यांनी धुऊन कोरडी केलेली परात आणून दिली. बाळासाहेबांनी ती डाव्या हातावर घेतली, कमरेत वाकले, मान खाली घातली. आणि पाय आपोआप निघाले. पान, हात, पुढे. पान, हात, पुढे. रिकामी परात घेऊन एक म्हातारा गवताला वाढत चालला होता, आणि त्याच्यामागे त्याचा मुलगा यंत्र ढकलत होता. एरवी हसून पोट दुखलं असतं, पण कुणी हसलं नाही.

यंत्राच्या पडद्यावर रेघा यायला लागल्या. लहान लहान कमानी, एकामागून एक, ओळीत. समीर थांबला. पुन्हा मागे जाऊन आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"पाइप आहेत का रे?" बाळासाहेबांनी वाकल्या वाकल्याच विचारलं. पाइपच असू देत, असं त्यांना फार वाटत होतं.

"नाही बाबा," समीर म्हणाला. "पाइप एवढे आखूड नसतात."

७

जागा दाखवल्यावर कचेरीला हलावं लागलं. जाणती माणसं आली, त्यांनी आपलं काम आपल्या पद्धतीने केलं आणि मेरेआनाबाई सांगतील तेवढंच केलं. समीरचं म्हणणं खरं निघालं. बुलडोझर ईस्टरआधीच ट्रकवर चढून परत गेला. कुठल्या जागी कोण, हे कळायला वेळ लागणार होता. काही कळणारही नाही कदाचित. पण ओळीने दगड बसले, नदीतले, गुळगुळीत. टोकाच्या दगडापाशी मेरेआनाबाई कितीतरी वेळ बसून राहिल्या आणि त्यांच्याशी बोलायला कुणी गेलं नाही.

त्या दिवशी रानात कुणी खाण्याचा कण नेला नाही. बाळासाहेबांनी तर खिशातल्या खडीसाखरेची पुडीसुद्धा गाडीत ठेवली. बाहेर पडताना सगळ्यांनी हातांवर पाणी घेतलं. "आपल्यासारखंच हो," सरोजकाकू कुजबुजल्या.

मग हॉलमध्ये जेवण होतं. माओरी मंडळींनी जमिनीत पुरून भाजलेलं जेवण केलं होतं. मराठी लोकांनी मठ्ठा आणि जिलबी आणली होती. बसले मात्र सगळे पंगतीलाच. शशिकांतसुद्धा, उशीवर. मेरेआनाबाईंनी आपल्या शेजारी एक ताट मांडायला सांगितलं. कुणासाठी ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही.

बाळासाहेब परात घेऊन निघाले. मागचं दार बंद होतं. त्यांनी ते स्वतः दोनदा बघितलं होतं. फळ्या कुरकुरत होत्या. शशिकांतना एक वाढली, त्यांनी मुकाट्याने घेतली. मग मेरेआनाबाईंचं पान आलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, रुमाल धरलेले. त्यांना दोन.

पुढचं पान.

बाळासाहेबांची मान खालीच राहिली. त्यांनी एक जिलबी ठेवली. ताटाच्या कडेशी एक लहानगा हात आला. पाठीमागून आला, भीत भीत, जागा विचारत. बाळासाहेबांनी दुसरी ठेवली. तिसरी ठेवली. "घे रे राजा," ते म्हणाले. "भरपूर आहे. आज भरपूर आहे. मागितलीस तरी कुणी रागावणार नाही." चौथी ठेवली. मेरेआनाबाईंचा श्वास त्यांना ऐकू येत होता. त्या हलत नव्हत्या.

पाचवी जिलबी त्यांनी उचलली.

तेव्हा तो हात ताटावर आला. सावकाश, आडवा, शिकवल्यासारखा. तळवा खाली, बोटं पसरलेली, आणि करंगळी आत वळलेली.

बाळासाहेबांनी मान वर केली नाही. जिलबी परातीत परत ठेवली, आणि जन्मात पहिल्यांदा जराही आग्रह न करता पुढच्या पानाकडे सरकले.